पाचव्या मजल्यावरचा सूड

"तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. तुमच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता," असं म्हणत क्लेमकाकांनी लिफ्टसमोरच्या बाकावर मांडी ठोकली. दुसऱ्या मजल्यावर नुकतंच राहायला आलेलं तरुण जोडपं हातातली खोकी खाली ठेवून ऐकायला उभं राहिलं. त्यांचा नाइलाज होता. लिफ्ट वर गेली होती आणि काका खाली होते.

क्लेमकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या क्लेम विभागात त्यांची उभी हयात गेली. कोणाचं दुकान जळलं आणि कोणी जाळलं, कोणाचा पाय मोडलाय आणि कोणाचा नुसताच प्लॅस्टरमध्ये घातलाय, हे हुडकून काढायचं त्यांचं काम. लोकांच्या थापा पकडता पकडता त्यांच्याकडे थापांचा एवढा साठा झाला, की निवृत्तीनंतर तो वापरला नाही तर नासून जाईल अशी त्यांना रास्त काळजी वाटू लागली. ही गोष्ट मात्र त्या साठ्यातली नाही. म्हणजे, काका तसं म्हणतात.

तर त्या काळात ही लिफ्ट बंद होती. बंद म्हणजे किती बंद? दारावर 'लिफ्ट तात्पुरती बंद आहे' अशी पाटी होती. ती इतकी जुनी झाली की अक्षरं उडाली. तेव्हा सोसायटीने रीतसर बैठक घेऊन नवी करून घेतली. पाटी. लिफ्ट नव्हे. आत हळूहळू इमारतीचा संसार येऊन बसला: मोडक्या खुर्च्या, झाडू आणि एक कोपरा नसलेला कॅरमबोर्ड. अध्यक्षांनी तर आपल्या मेलेल्या रोपांच्या कुंड्याही तिथेच ठेवल्या होत्या.

अध्यक्ष तळमजल्यावर राहायचे, लिफ्टच्या भिंतीला भिंत लावून. लिफ्टचा विषय निघाला की ते सोफ्यावर रेलून म्हणायचे, "जिना म्हणजे व्यायाम. मी तर लिफ्टचं नावही काढत नाही." खरंच काढत नसत. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत जायला लिफ्ट लागत नाही.

काका पाचव्या मजल्यावर. काकांचं एकवेळ ठीक होतं, धापा टाकत का होईना, चढायचे. पण काकूंच्या गुडघ्यांनी साफ असहकार पुकारला होता. एकदा एक्स-रेसाठी त्यांना खाली न्यायचं होतं, तर चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दर मजल्यावर दार उघडून माणसं बघायला उभी. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी "सांभाळून हं, वळणावर तिरकं धरा" म्हणालं. कपाट नेताना म्हणतात, अगदी तसंच. वर परत आल्यावर काकूंनी ती खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग म्हणाल्या, "आता यापुढे मी खाली उतरेन ती उभ्यानं. खुर्चीतून नाही. नाहीतर उतरणारच नाही."

आणि खरंच उतरल्या नाहीत. भाजी काका आणायचे. ती बघून काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते कांद्यामुळे नसायचं. स्वतःच्या हाताने भेंडी मोडून बघावी, भाजीवाल्याशी मनसोक्त भांडावं, फाटकाजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर टीका करावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्याऐवजी त्या घरात बसून भुताचे सिनेमे बघायला लागल्या.

साधे भुताचे सिनेमे नव्हेत. शहरातली भुतं. एकाच सिनेमात तीन-चार गोष्टी, प्रत्येकीत निराळं भूत: कुठे फ्लॅटमध्ये, कुठे ऑफिसात, कुठे पार्किंगमध्ये. काकूंनी असे इतके सिनेमे पाहिले की भुतांच्या कायद्यात त्या वकिलीच करू शकल्या असत्या. "भूत उगाच कोणाच्या वाटेला जात नाही," त्या सांगायच्या. "आधी अन्याय. मग सूड. आणि ज्याने अन्याय केला त्याला शेवटी उपरती. उपरती झाली नाही तर तो सिनेमा नव्हे, नुसती आरडाओरड."

हे ऐकता ऐकता एक दिवस काका ताडकन उठले. लिफ्टसाठी त्यांनी दिलेला सतरावा की अठरावा अर्ज त्याच दिवशी परत आला होता. शेरा होता, 'समास सोडलेला नाही.'

"मी सिनेमा काढणार," काका गरजले. "आपल्या इमारतीवर! वार्षिक सभेत सगळ्यांसमोर दाखवणार! त्या अध्यक्षाला भुतानेच धरला पाहिजे!"

"काढा," काकू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "पण एका गोष्टीने भागायचं नाही. तीन तरी हव्यात. लिफ्टची शेवटी."

कॅमेरा काकूंच्या भावाकडे होता. हा मेहुणा लग्नांचे व्हिडिओ काढायचा. नवरदेव घोड्यावरून पडला तरी कॅमेरा न हलवणारा, अशी त्याची ख्याती होती. त्याने काकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "भाऊजी, तुम्ही फक्त भूत उभं करा. बाकी मी त्याला छान दाखवतो."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर त्याच संध्याकाळी हजर. "भूत मी होणार. माझ्याकडे पांढरा कोट आहे." तिसऱ्या मजल्यावरच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "माझी हरकत नाही, पण भूत तर्काला धरून वागलं पाहिजे. भिंतीतून आरपार जाणारं भूत जमिनीतून खाली का पडत नाही, याचा खुलासा हवा." काकांनी खुलाशासाठी मुदत मागून घेतली.

मग परवानगीचं लचांड. जिना आणि आवार सामायिक, म्हणून समितीकडे अर्ज. या वेळी समास सोडून. अध्यक्षांनी चष्मा नाकावर ओढून विचारलं, "भूत कोणत्या फ्लॅटचं?"

"फ्लॅटचं असं नाही. ते इमारतीचं आहे," काका म्हणाले.

"म्हणजे मालक नाही. मग भाडेकरू आहे का? भाडेकरू असेल तर कागदपत्रं लागतील."

"अहो, ते मेलेलं आहे!"

"मग तर आणखीच अवघड. मृत सभासदाचं नाव आपण कमी करतो. नाव नसलेल्याला आवारात हिंडता येणार नाही."

शेवटी बाईंनी तोडगा काढला. भुताला 'पाहुणा' या सदराखाली प्रवेश देण्यात आला. अट एकच: पाहुण्याने पार्किंगमध्ये गाडी लावू नये.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. एका दंतवैद्याने चुकीची दाढ काढली, तो रोगी मेला आणि दाढ परत मागायला आला. डॉक्टरांना भूत व्हायचं होतं, पण रोग्याची खुर्ची त्यांच्या दवाखान्यात, हत्यारं त्यांची, त्यामुळे या गोष्टीत ते दंतवैद्य झाले आणि भूत झाले काका. शूटिंग सुरू झालं. काकांनी आ वासून "माझी दाढ दे" असा हंबरडा फोडला. डॉक्टर संवाद विसरून आत वाकून बघायला लागले. "ही डावीकडची तशी गेलेलीच आहे हो," एवढं काकांना ऐकू आलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. माणसाने कलेसाठी घाम गाळला, रक्त आटवलं, असं आपण ऐकतो. काकांनी दाढ दिली. दाढ परत मागायला आलेलं भूत आणखी एक दाढ देऊन परत गेलं. सुडाच्या इतिहासात असं पूर्वी झालं नसावं.

"भुताला भूल दिली होती का?" काकूंनी विचारलं. काकांनी एक हात गालावर ठेवून दुसऱ्या हाताने दाढच पुढे केली.

दुसरी गोष्ट बाईंची. अर्ध्या गुणाने नापास केलेला विद्यार्थी भूत होऊन येतो. हे काम मेहुण्याने स्वतःकडे घेतलं आणि कॅमेरा काकांच्या हातात दिला. ठरलं होतं असं: भूत बाईंचा गळा धरतं, बाई रडतात आणि अर्धा गुण देतात. प्रत्यक्षात भुताने गळा धरताच बाई म्हणाल्या, "आधी ते गणित फळ्यावर सोडवून दाखव." भूत सोडवायला गेलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा सोडवताना त्याला खरंच घाम फुटला, आणि बाईंनी त्याला पुन्हा नापास केलं.

"बाई, सिनेमा आहे हा! अर्धा गुण देऊन टाका!" काका काकुळतीला आले.

"मेलं म्हणून गुण वाढवायचे? मग उद्या सगळेच मरतील."

काकूंनी मात्र ही गोष्ट पास केली. "आपलं कुठे चुकलं ते भुताला कळलं. शांत झालं ना? मग झालं तर."

इमारतीला आता या सिनेमाचं वेड लागलं होतं. आणि ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला, ते अध्यक्ष चिडण्याऐवजी अस्वस्थ झाले. दुसऱ्या मजल्याला काम मिळतं, तिसऱ्याला मिळतं, आणि अध्यक्षाला कोणी विचारतही नाही! तरुणपणी कोणीतरी त्यांना 'तुमचा आवाज नाटकाचा आहे' असं म्हणालं होतं, ते त्यांच्या मनात घर करून राहिलं होतं. पाच मजले चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी फोन केला. तो काकूंनी घेतला.

"वहिनी, शेवटची गोष्ट माझी असावी. आणि शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या पाहिजेत."

"वाजवतील की. पण टाळ्या उपरतीला मिळतात भाऊजी, आणि उपरतीला आधी पाप लागतं."

"छोटंसं चालेल का?"

"पाप जेवढं मोठं, तेवढ्या टाळ्या जास्त."

पलीकडे एकदा घसा खाकरला गेला. मग आवाज आला, "मोठंच घ्या."

काकूंनी गोष्ट सांगितली. एका दुष्ट माणसाने इमारतीची लिफ्ट बंद पाडली. वरच्या मजल्यावरची बाई कोंडून मेली आणि भूत झाली. शेवटी तो माणूस स्वतः लिफ्ट सुरू करतो, पाचव्या मजल्यावर येतो, भुतापुढे हात जोडतो.

"जिन्याने आलो तर?"

"पाच मजले चढून आलेला माणूस हात जोडत नाही, छाती धरतो. त्याला टाळ्या नाही, पाणी मिळतं."

जी लिफ्ट सतरा-अठरा अर्जांनी हलली नव्हती, ती एका बैठकीत हलली. ठराव झाला: शूटिंगपुरती, एका दुपारसाठी लिफ्ट चालू करावी आणि त्यानंतर पाटी सन्मानाने पूर्ववत लावावी. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, एकच दुपार! मग पुन्हा तेच!"

"बघू," काकू म्हणाल्या.

"मेकॅनिक मीच आणतो, माझ्या ओळखीचा आहे," असं अध्यक्षांनी जाहीर केलं. "कोणी मध्ये लुडबुडायचं नाही." आणि शूटिंगच्या दिवशी सकाळी उठून बघतात तो लिफ्ट चालू! आतला संसार बाहेर, दिवा लखलखीत. काकूंनी दारातून वाकून बघितलं. "मेकॅनिक आला कधी, गेला कधी? ठोकाठोकी ऐकू आली नाही, तेलाचा एक डाग नाही."

"हल्लीचे मेकॅनिक फार स्वच्छ असतात," काका म्हणाले. क्लेम विभागातली सगळी वर्षं त्या एका वाक्यात पाण्यात गेली.

शूटिंग भर दुपारी ठेवावं लागलं, कारण अध्यक्ष संध्याकाळी लवकर जेवून झोपायचे. पाचव्या मजल्यावरच्या खिडक्यांना घोंगड्या, चादरी, घरातले टॉवेल, एक जाजम असं सगळं लावून काकांनी मिट्ट काळोख केला. भुताचं काम अखेर डॉक्टरांना मिळालं होतं. ते तोंडाला पावडर फासून तयार होत होते, तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला की कोणाचा तरी गाल भोपळ्याएवढा सुजलाय. डॉक्टर पावडरीसकट पळाले. (त्यांना त्या अवतारात बघून रोग्याची सूज जागच्या जागी उतरली, असं काका सांगतात. पण ते जाऊ द्या.)

भूत नाही! खाली अध्यक्ष आणि कॅमेरा घेतलेला मेहुणा लिफ्टमध्ये शिरलेले. काकांनी दारात तोंड घालून हाक मारली, "अगं, जरा येतेस का? भूत कमी पडलंय!"

"तुमचं तुम्ही बघा. मी केस धुवायला चालले," आतून उत्तर आलं आणि दार लागलं.

घरघर, घरघर करत लिफ्ट वर यायला लागली. पाचव्या मजल्यावर आली. खटकन थांबली. आणि त्याच क्षणी वीज गेली. उजेड काय तो मेहुण्याच्या कॅमेऱ्यावरच्या दिव्याचा.

"आणि मग," काका नव्या जोडप्याकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "ती आली."

"कोण?" जोडप्यातल्या मुलीने नवऱ्याचा दंड धरला.

खरं भूत! पायघोळ पांढरं वस्त्र, मोकळे सोडलेले, गुडघ्यापर्यंत पोचणारे केस. केसांतून पाणी टपटप गळतंय. पाय जमिनीला लागलेले नाहीत, चांगलं हातभर अंतर. डोळे स्कूटरच्या दिव्यासारखे. जाळीच्या दारासमोर ते तरंगत आलं आणि खोल विहिरीतून यावा तशा आवाजात म्हणालं, "मला... खाली... जायचंय."

अध्यक्षांना पाठ केलेला एक शब्द आठवला नाही. जे आठवलं ते बोलले. "माझं चुकलं! लिफ्टला काही झालेलं नाही! कधीच झालेलं नव्हतं! तिच्या घरघरीने दुपारची झोप मोडायची, म्हणून मीच फ्यूज काढून ठेवला! मोज्यांच्या खणात! आज पहाटे लावला, मेकॅनिकबिकॅनिक कोणी नाही! मला धरू नका, कुंड्यासुद्धा माझ्याच आहेत!"

"आणि तुम्ही काय केलंत?" मुलीच्या नवऱ्याने विचारलं.

"मी? खांबासारखा उभा. दिग्दर्शक ना मी! भुताला म्हटलं, बाई, जरा डावीकडे सरका, चेहऱ्यावर सावली येतेय."

तेवढ्यात वीज आली. अध्यक्ष दार उघडून जे बाहेर पडले ते थेट जिन्याने खाली, आयुष्यात पहिल्यांदाच जिना हा व्यायाम असल्याची प्रचीती घेत. मेहुणा कॅमेरा रोखून त्यांच्या मागे. आणि भूत लिफ्टमध्ये शिरलं, बटण दाबलं, खाली गेलं आणि अदृश्य झालं.

वार्षिक सभेत पार्किंगच्या भिंतीवर सिनेमा लागला. अख्खी इमारत हजर. मेहुण्याने सवयीप्रमाणे नवरदेवावरून कॅमेरा हलवला नव्हता. त्यामुळे भूत कुठे दिसलंच नाही, एका कडेला पांढरं कापड तेवढं फडफडलं. पण अध्यक्षांची कबुली शब्दन् शब्द! तीही बदामाच्या आकाराच्या चौकटीत, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत आणि खाली सोनेरी अक्षरांत 'आयुष्यातला अविस्मरणीय क्षण'. मोज्यांचा खण आला तेव्हा मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. ते लालबुंद होऊन उभे राहिले. "हा... अभिनय आहे. कलावंत भूमिकेत शिरतो तेव्हा..."

"उत्तम अभिनय," गणिताच्या बाई थंडपणे म्हणाल्या. "पण उत्तर अर्धवट राहिलं. भूमिकेतल्या माणसाला उपरती होते. ती दाखवा."

अध्यक्षांनी चारी बाजूंना बघितलं. मग सावकाश चालत लिफ्टपाशी गेले. हुकाला पुन्हा लावलेली पाटी त्यांनी काढली आणि गुडघ्यावर आपटून तिचे दोन तुकडे केले. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की रस्त्यावरची माणसं कोण निवडून आलं ते बघायला आत आली. अध्यक्षांनी वाकून वाकून नमस्कार केले. त्या दिवसापासून कोणीही हातात पिशवी घेऊन आलं, की ते स्वतः बाहेर येऊन लिफ्टचं दार उघडून धरतात. आणि दुपारी तिच्या घरघरीशिवाय आता त्यांना झोपच येत नाही.

"बापरे," मुलगी म्हणाली. "पण ते भूत? ते अजून आहे का हो?"

"आहे म्हणजे काय!" काकांनी बंद जाळीकडे बोट केलं. "इथेच. कधी कोणाला दिसतं. माझ्याशी मात्र फार अदबीने वागतं. त्या दिवशी माझ्या नजरेला नजर देऊ शकलं नाही ना!"

घरघर करत लिफ्ट खाली आली. जाळीचं दार खडखडलं. हातात भाजीची रिकामी पिशवी घेतलेल्या काकू दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं. आधीची थाप त्यांना पाठच होती.

"भूत कोणाला म्हणताय हो? केस धुऊन गाऊनवर टॉवेल शोधत बाहेर आले होते मी! आणि कोण म्हणालं डावीकडे सरका? मला बघितलं आणि तुम्ही किंचाळत गच्चीवर पळालात, तिकडून दाराला कडी घालून बसलात! 'अहो, मी आहे, लिफ्ट आलीय, चला खाली जाऊ' म्हणून हाका मारून घसा बसला माझा. शेवटी एकटीच उतरले. ओल्या केसांनी. पण उभ्यानं!"